शहर – पिअर – शहर

हेगमध्ये येऊन मला जेमतेम पाच महिने झाले होते. १७ मार्च २००७, शनिवार. पॉल क्रुगरलानवरच्या एका सुरिनामी दुकानातून आठवड्याची भाजी घेऊन मी सायकलवरून घरी निघालो होतो. दोन्ही पिशव्या हँडलला अडकवलेल्या. मालीफेल्डच्या अलीकडे रस्ता अडवलेला दिसला. पिवळं जॅकेट घातलेल्या एका बाईंनी हात आडवा केला आणि डच भाषेत काहीतरी सांगितलं. मला त्यातला ‘लोप’ हा एकच शब्द कळला. लोप म्हणजे धाव. म्हणजे शर्यत. म्हणजे आता अर्धा तास तरी इथंच.

मी वैतागलो होतो, हे कबूल करतो. कडेला बऱ्यापैकी गर्दी होती. आधी मोटरसायकली गेल्या, मग छतावर घड्याळ बसवलेली एक गाडी, आणि तिच्या मागून एक बारीक, काळासावळा मुलगा. मुलगाच म्हणायला हवं. वीस वर्षांचा होता तो. माझ्या लक्षात राहिले ते त्याचे पाय. जमिनीला टेकत होते की नाही असं वाटावं इतके हलके, आणि आवाज जवळजवळ नाही. पाच-सहा सेकंदांत तो नजरेआड झाला. लोक वेड्यासारखे ओरडत होते. मी मनात म्हटलं, चला, एक गेला, आता बाकीचे कधी जाणार?

दुसऱ्या दिवशी शेजारच्या आजोबांनी त्यांच्याकडचं वर्तमानपत्र माझ्यासमोर धरलं तेव्हा कळलं. सॅम्युएल वान्जिरू, केनिया. ५८ मिनिटं ३३ सेकंद. अर्धमॅरेथॉनचा नवा जागतिक विक्रम. एकवीस किलोमीटर आणि वर साडेसत्त्याण्णव मीटर, दर किलोमीटरला सरासरी २ मिनिटं साडेसेहेचाळीस सेकंद. तासाला साडेएकवीस किलोमीटरहून जास्त. मी ऑफिसला सायकलनं जातो तेव्हाही माझा वेग एवढा नसतो.

जागतिक विक्रम माझ्या डोळ्यांसमोरून गेला, आणि मी कार्ली नीट आहेत ना ते बघत होतो.

या शर्यतीच्या मागे मी लागलो तो त्या ओशाळलेपणातून. तिचं नाव सिटी-पिअर-सिटी लोप, सगळे ‘सीपीसी’ म्हणतात. १९७५ साली सुरू झाली. नावातच नकाशा आहे: शहरातून निघायचं, समुद्रावरच्या पिअरला जायचं, शहरात परत यायचं. आपल्याकडे ‘वेशीपासून वेशीपर्यंत’ म्हणतात तसं. मार्ग पुढे अनेकदा बदलला, वळसे वाढले, पण गाभा तोच राहिला. मालीफेल्डच्या हिरवळीपाशी सुरुवात, स्खेव्हनिंगनचा समुद्रकिनारा, पुन्हा मालीफेल्ड.

(स्खेव्हनिंगन. आपल्याला हा शब्द म्हणता येतो, कारण आपल्याकडे ‘ख’ आहे. महायुद्धात डच लोक संशयित माणसाला हा शब्द उच्चारायला लावत, जर्मन असला तर हमखास अडखळे, अशी गोष्ट इथे प्रत्येक जण सांगतो.)

मराठी वाचकाला हेग माहीत असतं ते आंतरराष्ट्रीय न्यायालयामुळे. कुलभूषण जाधवांच्या खटल्याच्या वेळी टीव्हीवर दिसलेली लाल विटांची मनोऱ्याची इमारत म्हणजे पीस पॅलेस, १९१३ सालची. तिच्या शेजारून एक सरळ रस्ता झाडीतून समुद्राकडे जातो, तो कॅमेऱ्यात येत नाही. त्याचं नाव स्खेव्हनिंगसेवेग. ‘शहर ते समुद्र’ ही कल्पना १९७५ची नाही, ती या रस्त्याएवढी जुनी आहे.

सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत हेग आणि स्खेव्हनिंगन यांच्यामध्ये वाळूच्या टेकड्या होत्या. मासळी घेऊन येणाऱ्या कोळणी डोक्यावर टोपल्या घेऊन वाळू तुडवत शहरात यायच्या. तिथे विटांचा फरसबंद, नाकासमोर सरळ रस्ता काढावा ही कल्पना कॉन्स्टंटाइन हाउखन्स यांची. हे राजघराण्याचे सचिव, मुत्सद्दी आणि वर कवी. १६५३ साली त्यांनी योजना मांडली, रस्ता झाला १६६३ ते १६६५ या काळात. मध्ये दहा वर्षं गेली, हे वाचून मला जरा बरं वाटलं. नगरपालिका सगळीकडे सारख्याच. रस्त्यावर टोल होता, आणि कवीनं आपल्याच रस्त्यावर एक दीर्घ काव्यही लिहिलं. टोल आणि काव्य एकाच माणसाच्या डोक्यातून आलेलं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही.

या कॉन्स्टंटाइनचा मुलगा क्रिस्तियान, आपण शाळेत ज्याला हायगेन्स म्हणून शिकलो तो. प्रकाशाच्या तरंगांवाला. तो हेगमध्येच जन्मला, आणि १६५६ साली त्यानं लंबकाचं घड्याळ शोधलं. ते प्रत्यक्षात घडवलं हेगमधल्याच सालोमोन कॉस्टर नावाच्या घड्याळजीनं. त्याआधीची यांत्रिक घड्याळं दिवसाला पंधरा-पंधरा मिनिटं चुकत. लंबक आला आणि चूक काही सेकंदांवर आली. ‘सेकंद’ ही मोजायची गोष्ट झाली ती तिथून. बापानं समुद्राकडे जाणारा रस्ता दिला, पोरानं सेकंद दिला. सीपीसीला या घराण्याचा पुतळा सुरुवातीच्या रेषेवर उभा करायला काही हरकत नव्हती. तिथे असतात त्या बँकांच्या कमानी.

बँकांवरून आठवलं. २००७ साली शर्यतीच्या नावाआधी फोर्टिस बँकेचं नाव होतं. पुढच्याच वर्षी जागतिक मंदीत फोर्टिस कोसळली आणि ऑक्टोबर २००८ मध्ये तिचा डच भाग सरकारला विकत घ्यावा लागला. बँक गेली. शर्यत पुढच्या मार्चमध्ये ठरल्याप्रमाणे झाली, कमानीवरचं नाव तेवढं यथावकाश बदललं.

मी ज्यांना मघाशी शेजारचे आजोबा म्हटलं, त्यांना मी ‘ब्यूरमन’ म्हणायचो. ब्यूरमन म्हणजे शेजारी. तेही मला ब्यूरमनच म्हणायचे. इथे ही रीत आहे. वर्षानुवर्षं एकमेकांना शेजारी म्हणूनच हाक मारली जाते आणि त्यात तुटकपणा नसतो. आम्ही बेझाउडनहाउट भागात राहत होतो, स्टेशनच्या मागे. ब्यूरमनचा जन्म स्खेव्हनिंगनचा, १९३८चा. पहिल्या काही सीपीसी ते स्वतः धावले होते.

“तेव्हा आम्हाला धावपटू कुणी म्हणत नसे,” ते म्हणाले. “आम्ही ट्रिमर.”

सत्तरच्या दशकात नेदरलँड्समध्ये ‘ट्रिमेन’ हा शब्द फार चालला. त्याआधी धावणं हे मैदानावरच्या क्लबातल्या लोकांचं काम होतं. पांढरी चड्डी, क्लबचा बिल्ला, ट्रॅकचे फेरे. रस्त्यानं मोठा माणूस पळताना दिसला तर तो ट्राम पकडतोय किंवा चोर आहे. मग लोकांची पोटं सुटू लागली, हृदयविकाराचं प्रमाण वाढलं आणि क्रीडासंघटनांनी मोहीम काढली: ट्रिम करा, तंदुरुस्त राहा. गावोगावच्या जंगलांत लाकडी ओंडके आणि लोंबकळायच्या दांड्या लावलेल्या ‘ट्रिमबान’ झाल्या. त्यांतले काही ओंडके शेवाळ धरून अजून उभे आहेत.

आणखी एक गोष्ट ब्यूरमन सांगायचे, जी मला जास्त महत्त्वाची वाटते. १९७३च्या ऑक्टोबरमध्ये अरब देशांनी नेदरलँड्सचं तेल तोडलं. सरकारनं रविवारी गाड्या चालवायला बंदी घातली. पहिला असा रविवार ४ नोव्हेंबर १९७३चा. लोक महामार्गावर चालायला गेले, मुलांनी चाकाच्या बुटांवरून घसरून घेतलं, कुणी घोडागाड्या काढल्या. “त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की रस्ता आपला असतो,” ब्यूरमन म्हणाले. त्यानंतर दीड वर्षांनी त्यांच्या शहरात एक शर्यत सुरू झाली, जिच्यासाठी भर शहरातले रस्ते गाड्यांना बंद करण्यात आले. एकामुळे दुसरं झालं असा दावा मी करणार नाही. पण त्या काळात एकामागून एक शहरांनी आपले रस्ते धावणाऱ्यांना उघडून दिले. समुद्रकाठच्या एग्मंडची अर्धमॅरेथॉन १९७३ची. न्यूयॉर्कची मॅरेथॉन सेंट्रल पार्कातून बाहेर पडून शहराच्या पाचही भागांत गेली ती १९७६ला.

१९७५ला या शहरात आणखी एक गोष्ट घडत होती, आणि ती माझ्या भाजीच्या पिशवीपर्यंत पोचते. २५ नोव्हेंबर १९७५ रोजी सुरिनाम स्वतंत्र झाला. त्याआधीच्या महिन्यांत तिथले लोक विमानं भरभरून नेदरलँड्सला येत होते, कारण स्वातंत्र्यानंतर पासपोर्ट बदलणार होता. त्यांतले पुष्कळसे हिंदुस्तानी हेगमध्ये स्थिरावले. यांचे पूर्वज ५ जून १८७३ रोजी ‘लल्ला रूख’ या जहाजानं आणि त्यामागून आलेल्या जहाजांनी कलकत्त्याहून पारामारिबोला गेलेले, उसाच्या मळ्यांवरचे गिरमिटिये. भोजपुरी-अवधी प्रदेशातली माणसं. शंभर वर्षांत त्यांची दोन स्थलांतरं झाली. मी ज्या दुकानातून कार्ली आणतो ते अशाच एका कुटुंबाचं. तिथे कारल्याला ‘सोप्रोपो’ म्हणतात आणि भेंडीला ‘ओकर’, पण मालकीणबाई मला “बेटा, और कुछ?” असंच विचारतात. सीपीसीच्या दिवशी रस्त्याकडेला ढोल घेऊन उभी राहणारी मंडळी मी पाहिली आहेत. डच प्रेक्षक टाळ्या वाजवतो, तालात, मोजून. ढोलवाल्यांपाशी आलं की पाय आपोआप उचलले जातात, हे मी पुढे स्वतः अनुभवलं.

आता पिअर. सीपीसीतला मधला ‘पी’.

स्खेव्हनिंगनचा पहिला पिअर १९०१चा, राणी विल्हेल्मिनाच्या नावाचा, कुरहाउस या भव्य हॉटेलच्या बरोबर मागून समुद्रात गेलेला. (याच कुरहाउसमध्ये ऑगस्ट १९६४ मध्ये रोलिंग स्टोन्सचा कार्यक्रम झाला. काही गाण्यांतच पोरांनी खुर्च्या मोडल्या आणि पोलिसांनी कार्यक्रम बंद पाडला. ब्यूरमन तिथे असल्याचं सांगत. हेगमधला त्या वयाचा प्रत्येक जण तिथे असल्याचं सांगतो. सगळे खरं बोलत असतील तर हॉल निदान दहापट मोठा असायला हवा.) जर्मनांनी डच किनाऱ्यावर आपली अटलांटिक तटबंदी उभारायला घेतली तेव्हा स्खेव्हनिंगन रिकामं करण्यात आलं. रणगाडे अडवायला शहराच्या आरपार खंदक खणला, त्याच्या वाटेत आलेली हजारो घरं, शाळा, चर्च पाडली. सव्वा लाखाहून अधिक हेगकरांना घर सोडावं लागलं. १९४३ला पिअरला आग लागली आणि उरलेला सांगाडा जर्मनांनी उतरवून टाकला.

ब्यूरमनचं घर त्या खंदकाच्या वाटेत होतं. ते तेव्हा पाच वर्षांचे. कुटुंब नातेवाइकांकडे बेझाउडनहाउटला आलं, शहराच्या समुद्रापासून लांबच्या टोकाला. हा भाग सुरक्षित समजला जात होता आणि किनाऱ्यावरून उठवलेल्या कुटुंबांनी भरून गेला होता.

१९४४च्या सप्टेंबरपासून जर्मन लोक हेगच्या परिसरातून लंडनवर व्ही-टू अग्निबाण सोडू लागले. मालीफेल्डला लागून जे जंगल आहे, हागसे बोस, तिथेही हे अग्निबाण आणले जात. ३ मार्च १९४५ रोजी सकाळी ब्रिटिश विमानं त्या जंगलावर बाँब टाकायला आली. नकाशावरचं लक्ष्य उतरवून घेताना चूक झाली आणि बाँब पडले जंगलाशेजारच्या बेझाउडनहाउटवर. पाचशेहून अधिक माणसं मेली, वस्तीचा मोठा भाग जळून गेला. बाँब टाकणारे मित्रराष्ट्राचे, मरणारे त्यांची वाट पाहत बसलेले. युद्ध संपायला दोन महिने उरले होते.

ब्यूरमन, त्यांची आई आणि धाकटी बहीण त्या दिवशी वाचले. वडिलांबद्दल ते काही बोलत नसत आणि मी विचारलं नाही.

सीपीसी मार्चमध्ये असते. बहुतेक वर्षी ३ मार्चनंतर आठवड्या-दोन आठवड्यांत. आमच्या गल्लीत आधी स्मृतिदिनाची फुलं दिसतात आणि मग शर्यतीचे कठडे. पहिल्या वर्षी मला त्या दोन गोष्टींचा संबंध कळणं शक्य नव्हतं. अजूनही कुणी तो अधिकृतपणे जोडत नाही, आणि जोडूही नये बहुधा. पण स्खेव्हनिंगनमधून हाकलला गेलेला एक माणूस सदतिसाव्या वर्षी मालीफेल्डपासून, म्हणजे त्या जंगलाच्या कडेपासून, पळत समुद्रावर जातो, १९६१ साली नव्यानं बांधलेल्या पिअरला वळसा घालून परत येतो, दर मार्चमध्ये – यात व्यायाम किती आणि आणखी काय किती, हे मी वर्षानुवर्षं मनाशी तोलत आलो आहे. एकदा भीत भीत विचारलं. “मला पोट कमी करायचं होतं,” ब्यूरमन म्हणाले.

पुन्हा वान्जिरूकडे येतो.

सॅम्युएल वान्जिरू १० नोव्हेंबर १९८६चा, केनियातल्या न्याहुरुरूचा. गरिबी अशी की शाळाही नीट पुरी होईना. पंधराव्या वर्षी त्याला जपानच्या सेंदाई शहरातल्या एका शाळेनं शिष्यवृत्तीवर नेलं. जपानी शाळांच्या सांघिक दौडींसाठी केनियन मुलं नेण्याची तिथे पद्धत आहे. तो जपानी शिकला आणि पुढे टोयोटा क्युशू कंपनीच्या संघात गेला. तिथले प्रशिक्षक कोइची मोरिशिता, १९९२च्या बार्सिलोना ऑलिंपिकमधले मॅरेथॉनचे रौप्यविजेते. ‘गामान’, म्हणजे निमूटपणे सोसणं, हे आपण जपानमध्ये शिकलो असं वान्जिरू सांगत असे.

नेदरलँड्सशी त्याचं नातं २००७च्या आधीचं. ११ सप्टेंबर २००५ रोजी रॉटरडॅमच्या अर्धमॅरेथॉनमध्ये त्यानं ५९:१६ वेळ देऊन पॉल तेर्गातचा १९९८चा ५९:१७चा विक्रम एका सेकंदानं मोडला. वय अठरा. चार महिन्यांनी, जानेवारी २००६ मध्ये, हैले गेब्रसेलासीनं अमेरिकेत फीनिक्सला तो ५८:५५वर नेला. फेब्रुवारी २००७ मध्ये रास अल खैमाला वान्जिरूनं ५८:५३ केला. आणि पाच आठवड्यांनी हेग, ५८:३३. एकदम वीस सेकंद. हैलेची फीनिक्सची झेप सोडली तर आधी एकेक-दोन-दोन सेकंदांची भांडणं चालली होती, हे लक्षात घेतलं तर वीस सेकंद म्हणजे काय ते कळेल.

हा विक्रम हेगमध्ये होऊ शकला, आणि मान्य झाला, याला शर्यतीच्या नावातच दडलेलं एक कारण आहे. रस्त्यावरच्या शर्यतींचे जागतिक विक्रम अधिकृतपणे मान्य करायला आंतरराष्ट्रीय महासंघानं सुरुवात केली ती २००४पासून. तोवर रस्ते इतके वेगवेगळे, की ‘सर्वोत्तम वेळ’ एवढंच म्हणत. नियम असा की सुरुवात आणि शेवट यांच्यातलं सरळ अंतर शर्यतीच्या निम्म्याहून जास्त नको, म्हणजे पाठीवर वारा घेऊन एकाच दिशेनं पळता येणार नाही. आणि एकूण उतार किलोमीटरला एक मीटरपेक्षा जास्त नको. तेर्गातनं २०००मध्ये लिस्बनला ५९:०६ वेळ दिली होती, पण तो मार्ग उताराचा, त्यामुळे ती विक्रमात धरली गेली नाही. हेगला ही अडचणच नाही. शहर-पिअर-शहर: जिथून निघालात तिथेच आलात. समुद्रावरचा वारा जाताना छातीवर घेतला तर येताना पाठीवर मिळणार, किंवा उलट. चढउतार म्हणाल तर वाळूच्या टेकड्यांचे उंचवटे तेवढे.

अंतर मोजायची रीतही सांगण्यासारखी आहे. सायकलच्या पुढच्या चाकाच्या आसाला एक छोटा आकडेमोड करणारा डबा बसवतात, चाकाचे फेरे अगदी बारकाईनं मोजणारा. आधी पोलादी टेपनं मोजलेल्या तुकड्यावरून ती सायकल चालवून चाक ताडून घेतात, मग पूर्ण मार्गावरून जातात, प्रत्येक वळण धावपटू जितकं आतून घेईल तितकं आतून. शेवटी हजारात एक या हिशोबानं अंतर वाढवतात, म्हणजे अर्धमॅरेथॉनला साधारण एकवीस मीटर जास्तच. चूक झालीच तर ती धावणाऱ्याच्या विरुद्ध व्हावी.

इतकं सगळं चोख असूनही त्या दिवशी एक गोष्ट हातातून निसटली. वान्जिरूनं वीस किलोमीटरचा टप्पा ५५:३१ला ओलांडला. वीस किलोमीटरचा विक्रम तेव्हा हैलेचा, ५५:४८, फीनिक्सच्याच शर्यतीत वाटेत नोंदलेला. म्हणजे एका धावेत दोन जागतिक विक्रम झाले होते. पण वीस किलोमीटरपाशी वेळ ज्या पद्धतीनं घेतली गेली ती नियमात बसणारी नव्हती आणि महासंघानं ५५:३१ मान्य केली नाही. अंतिम रेषेवर सगळी यंत्रणा सज्ज होती, एक किलोमीटर आणि साडेसत्त्याण्णव मीटर अलीकडे नव्हती. २१ मार्च २०१० रोजी झेर्सेने तादेसेनं लिस्बनला (तोवर त्यांनीही अव्वल धावपटूंसाठी सपाट मार्ग आखला होता) ५८:२३ वेळ दिली, वाटेत वीस किलोमीटर ५५:२१ला, आणि त्याचे दोन्ही विक्रम मान्य झाले.

हे वाचलं तेव्हा मी जुना नकाशा काढून बसलो. मी भाजीच्या पिशव्या घेऊन उभा होतो ती जागा शर्यतीच्या अगदी शेवटच्या टप्प्यातली. वीस किलोमीटरच्या खुणेच्या थोडं पुढे, फार तर दोन-तीनशे मीटर. म्हणजे नोंद न झालेल्या विक्रमाला काही सेकंद झाले असताना तो माझ्यासमोरून गेला. मी त्याचा साक्षीदार म्हणायचा, आणि माझी साक्ष अशी की पाय हलके होते.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. २४ ऑगस्ट २००८, बीजिंग. उन्हाळ्यात मॅरेथॉन दबकत पळायची असते, हा शंभर वर्षांचा शहाणपणा झुगारून वान्जिरू पहिल्या किलोमीटरपासून सुसाट सुटला. २:०६:३२. ऑलिंपिक विक्रम, आणि मॅरेथॉनमधलं केनियाचं पहिलं सुवर्णपदक. २००९ला लंडन आणि शिकागो, २०१०ला पुन्हा शिकागो. त्याच वेळी घरची भांडणं, दारू, पोलीस, कोर्ट. १५ मे २०११च्या रात्री न्याहुरुरूच्या आपल्या घराच्या बाल्कनीतून पडून तो गेला. चोवीस वर्षांचा होता. ती उडी, अपघात की घात, यावर केनियात वर्षानुवर्षं वाद आणि चौकश्या चालल्या. त्यात मी शिरत नाही.

ती बातमी मी ब्यूरमनना सांगितली. ते गच्चीवरच्या कुंड्यांना पाणी घालत होते. “तो हेगमध्ये पळाला तो?” एवढंच म्हणाले. मग पाणी घालून झाल्यावर, बऱ्याच वेळानं: “आपल्या इथलं वीस किलोमीटरचं त्याचं राहून गेलं.” त्यांना ते ठाऊक होतं. मी चार वर्षं त्यांच्या शेजारी राहत होतो आणि हे त्यांना ठाऊक आहे हे मला माहीत नव्हतं.

विक्रम त्यानंतर फार खाली गेला. कॉपेनहेगनला २०१९ मध्ये कामवोरोर ५८:०१, व्हॅलेन्सियाला २०२० मध्ये कांडी ५७:३२. बुटांच्या तळव्यात कार्बनची पट्टी आली, फेस बदलला. वान्जिरूचे बूट पातळ तळव्याचे होते. तुलना कशी करायची यावर इथले लोक कॉफीच्या कपावर तासभर वाद घालू शकतात. पिअरचेही दिवस बरेवाईट आले. २०१३ साली तो चालवणारी कंपनी दिवाळखोरीत गेली, काही काळ दारं बंद राहिली, मग पुन्हा उघडली. आता तिथे आकाशपाळणा आहे. शर्यत त्याच्याकडे पाठ करून शहरात परतते.

२०१६ला मी स्वतः धावलो. वय त्रेचाळीस, वजन सांगत नाही. मालीफेल्डवर हजारो लोक थंडीनं उड्या मारत उभे होते. ही तीच हिरवळ, जिच्यावर १९८३च्या ऑक्टोबरमध्ये अण्वस्त्रांविरुद्ध साडेपाच लाख माणसं जमली होती आणि जिच्या शेजारचं जंगल कधी विकलं-तोडलं जाऊ नये असा करार १५७६ साली झालेला आहे. पहिले दहा किलोमीटर मजेत गेले. किनाऱ्यावर वारा समोरून आला आणि माझी चाल निम्म्यावर आली. पिअर डावीकडे दिसला तेव्हा मी त्याच्याकडे पाहिलं नाही, पुढच्या माणसाच्या टाचांकडे पाहत होतो. पंधराव्या किलोमीटरनंतर मला काही आठवत नाही, ढोल सोडून.

ब्यूरमन शेवटच्या वळणाच्या अलीकडे घडीची खुर्ची टाकून बसणार असं ठरलं होतं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, मांडीवर कांबळं, हातात सोललेल्या संत्र्याच्या फोडी. त्यांनी मला थांबवलंच. मागून येणाऱ्या लोकांनी वळसे घालत शिव्या दिल्या असतील.

“ब्यूरमन,” ते म्हणाले, “वीस किलोमीटरला किती?”

घड्याळ सुरू करताना मी दोनदा तपासलं होतं. पाटीपाशी बटण दाबायचं मात्र माझ्याकडून राहून गेलं होतं. मी मान हलवली. ते इतके हसले की एक फोड खाली पडली. बाकीच्या मी घेतल्या आणि निघालो.